लहान मुलांची ओळख

(एका गांवीं पारावर जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



आज मी जो विषय आपल्यापुढें मांडणार आहें, तो ऐकून कांहीं मंडळी मनांतल्या मनांत हंसतील. पावसाचें बोला, पिकाच्या भावाचें बोला, कर्जाचें बोला. पोरांचें काय बोलायचें? तीं होतात, रडतात, पडतात आणि वाढतात. आमच्या आजोबांनीं कोठें शास्त्र वाचून मुलें वाढविलीं होतीं? असें कोणी विचारलें तर त्यांत रागावण्यासारखें कांहीं नाहीं. पण मी उलट एक प्रश्न विचारतों. घरच्या गाईला खोंड झाला, तर त्याच्या मानेवर जूं केव्हां ठेवावें हें तुम्हांला कोणी शिकवावें लागतें काय? तुम्ही त्याचा जबडा उघडून पाहतां. आदत आहे, दोन दाती आहे कीं चार दाती, हें पाहून ठरवितां. आदत खोंड कोणी नांगराला जुंपला, तर सारा गांव त्याला वेडा म्हणेल. पण तोच शहाणा शेतकरी घरीं येतो आणि दोन वर्षांच्या पोरानें हातांतली वस्तु सोडली नाहीं म्हणून त्याच्या पाठींत धपाटा घालतो. "तुला कळत नाहीं काय?" म्हणून ओरडतो. अहो, त्याला खरोखरच कळत नाहीं! त्या अकलेचा दांत त्याला अजून यावयाचा आहे. जनावराचें वय आपण ओळखतों आणि पोटच्या पोराचें ओळखीत नाहीं, एवढीच आज माझी तक्रार आहे.

आतां मुलाच्या वाढीचा हंगाम पाहूं. तो सर्व मुलांना एकाच दिवशीं येत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पांच देशांतील धडधाकट मुलें पाहून २००६ सालीं आंकडे प्रसिद्ध केले. त्यांत असें दिसलें कीं कोणी आठ महिन्यांचें होऊन आधाराशिवाय चालूं लागलें, तर कोणाला सतरा-साडेसतरा महिने लागले. दोन्ही निरोगीच. शंभरांतलीं सुमारें चार मुलें तर हात-गुडघ्यांवर रांगलींच नाहींत. बसलीं तीं उठून उभीं राहिलीं. तेव्हां जावेचें पोर चालतें आणि आपलें बसून आहे, म्हणून सुनेला टोमणे मारण्यांत अर्थ नाहीं. एकाच वाफ्यांतली मिरची देखील एका दिवशीं फुलत नाहीं.

पण हंगाम लांबण्यालाहि मर्यादा असते. दीड वर्ष उलटून मूल चालत नसेल, एकहि अर्थाचा शब्द बोलत नसेल, हांक मारली तरी मान वळवीत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट विसरूं लागलें असेल, तर मात्र "येईल हळूहळू" म्हणून बसूं नका. पुष्कळ मुलें मुकीं नसतात. त्यांना ऐकूं येत नसतें, म्हणून बोलतां येत नाहीं. २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत आंगणवाडीच्या व शाळेच्या मुलांची अशी तपासणी फुकट होते. ती मागून घ्या. नवस फेडावयाला जेवढा खर्च येतो तेवढाहि येथें येत नाहीं.

तान्ह्या मुलापासून सुरुवात करूं. तान्हें मूल म्हणजे मातीचा गोळा, त्याला काय कळतें, असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे. जन्मलेल्या मुलाला सुमारें वीतभर अंतरावरचें बरें दिसतें, पलीकडचें अंधुक दिसतें. पाजतांना आईचें तोंड मुलापासून किती लांब असतें? जवळजवळ तेवढेंच. १९८० सालीं अमेरिकेंत दोन संशोधकांनीं तीन दिवसांच्या आंतल्या मुलांची परीक्षा घेतली. मूल चोखणी एका ठराविक रीतीनें चोखील तर आईचा आवाज ऐकूं येईल, दुसऱ्या रीतीनें चोखील तर परक्या बाईचा, अशी योजना त्यांनीं केली होती. त्या चिमुकल्या जिवांनीं आईच्या आवाजासाठीं आपली चोखण्याची रीत बदलली! म्हणजे पोटांत असतांनाच तो आवाज त्यांच्या ओळखीचा झाला होता.

अशा मुलाला बोलतां येत नाहीं, म्हणून तें रडतें. रडणें ही त्याची भाषा आहे. पहिल्या दोन महिन्यांत रडणें वाढत जातें, दीड महिन्याच्या सुमारास कळसाला पोंचतें आणि तीन-चार महिन्यांनीं आपोआप उतरतें. संध्याकाळीं तें जास्त असतें. त्याच वेळीं आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळतात, आणि कांहीं दिवसांनीं रडें उतरलें कीं दृष्ट उतरली असें म्हणतात. मीठ-मोहऱ्या ओवाळल्यानें मुलाचें नुकसान होत नाहीं, पण ताप असतांना किंवा मूल अंगावर पीत नसतांना ओवाळीत बसल्यानें नुकसान होतें. त्या वेळीं दवाखाना गांठा. एरवीं मूल रडलें तर उचलून घ्या. "उचललें कीं सवय लागते" असें म्हाताऱ्या माणसांनीं कितीहि सांगितलें, तरी पहिल्या महिन्यांतलें मूल लाडावत नाहीं. हांक मारली कीं कोणी येतें, एवढाच विश्वास तें शिकतें, आणि पुढच्या साऱ्या शिकण्याचा पाया तोच आहे.

येथें एक जुनी गोष्ट आठवण करून देतों. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या पुष्कळ बाया एके काळीं तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत. त्यांना मुलें नकोशीं होतीं म्हणून नव्हे. दिवसभर साच्यापाशीं उभें राहावयाचें आणि मूल सांभाळावयाला कोणी नाहीं, म्हणून. मूल निजून राही, आणि शेजारीण म्हणे, किती गुणाचें बाळ! गप्प मूल तेवढें गुणी, ही समजूत त्या काळापासून आपल्या अंगांत मुरली आहे. आतां गोळी गेली, पण तिच्या जागीं मोबाइल आला. मूल रडलें कीं त्याच्या हातांत तो द्यावयाचा. मूल गप्प, आपण मोकळे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे कीं दोन वर्षांच्या आंत हें चित्र मुलाला दाखवूंच नये, आणि पुढें पांच वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून अधिक नको. कारण साधें आहे. मोबाइल बोलतो, पण मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाहीं.

सात-आठ महिन्यांचें झालें कीं कालपर्यंत कोणाच्याहि कडेवर जाणारें मूल आज मामाला पाहून रडूं लागतें. मामा रागावतो; आई ओशाळते. वास्तविक ही आनंदाची गोष्ट आहे. आपलें कोण आणि परकें कोण, हें त्याला आतां उमगलें आहे. याच सुमारास तें वाटी पुनःपुन्हां खालीं टाकतें. आपण उचलून देतों, तें पुन्हां टाकतें. हा खोडसाळपणा नव्हे. वस्तु खालीं पडते, वाजते, डोळ्यांआड जाते आणि पुन्हां येते, हें तें तपासून पाहत आहे. आजी पदराआड तोंड लपवून "कुक्" करते, तेव्हां ती न शिकतां मोठी शिक्षिका असते. दिसेनासें झालेलें माणूस नाहींसें होत नाहीं, हाच धडा ती देते.

आतां दोन-तीन वर्षांच्या मुलाकडे येऊं. साऱ्या घराला कावून सोडणारें वय हेंच. "नाहीं" आणि "माझें" हे दोन शब्द त्याच्या तोंडीं बसतात. बाजारांत तें जमिनीवर अंग टाकून देतें. चार माणसें पाहतात, बापाची अब्रू जाते, आणि मग हात उठतो. जरा विचार करा. या मुलाला आपण वेगळें माणूस आहोंत हें नुकतेंच कळलें आहे. त्याला पुष्कळ हवें असतें, पण सांगावयाला शब्द थोडे. आणि मन आवरण्याचा जो मेंदूचा भाग, तो तर पंचविशीच्या सुमारास पुरा पिकतो! तुमच्या-आमच्यांतले किती जण रागाच्या भरांत बांध कोरतात, भावाचें डोकें फोडतात? चाळीस वर्षांच्या माणसाला जें साधत नाहीं, तें दोन वर्षांच्या जिवाला साधावें असा हट्ट आपण धरतों. मग हट्टी कोण?

तर काय करावें? पहिलें म्हणजे विळा, कुऱ्हाड, औषधाची बाटली, चुलीवरचें आधण हीं मुलाच्या हाताबाहेर ठेवा. म्हणजे दिवसांतून पन्नास वेळां "नको" म्हणावें लागणार नाहीं, आणि जें एकदां म्हणाल त्याला वजन येईल. खेळांतून उठवावयाचें असेल तर अगोदर सांगा, कीं आणखी एक घर बांध आणि मग जेवावयाला ये. दोहोंपैकीं एक निवडूं द्या; हा सदरा कीं तो, एवढ्यानेंहि त्याचा मान राहतो. तरीहि अंग टाकलेंच, तर जवळ बसा, त्याला लागूं देऊं नका, आणि लाट ओसरूं द्या. मग उचलून घ्या. पण ज्याला नाहीं म्हटलें तें रडण्याच्या भीतीनें देऊं नका. आई नाहीं म्हणते आणि आजी पदराआडून गूळ देते, अशा घरांत मूल एवढेंच शिकतें कीं जरा मोठ्यानें रडावें. घरांतल्या सर्वांचा शब्द एक असला कीं अर्धें भांडण मिटतें.

कोणी म्हणेल, कुंभार थापटल्यावांचून मडकें घडवितो काय? आपले कुंभारदादा येथें बसले आहेत, त्यांनाच विचारा. ते बाहेरून थापी मारतात, पण आंत दुसऱ्या हातानें गुळगुळीत गोळा टेकलेला असतो. शिवाय चाकावरून उतरलेल्या ओल्या गाऱ्यावर ते थापी उचलीत नाहींत. तो सुकून जरा आवळूं देतात. आपण मात्र ओल्या मडक्यावरच थापी चालवितों आणि आंतला हात काढून घेतों. मारानें मूल त्या घटकेपुरतें थांबतें, हें खरें आहे. पण कां थांबावें हें त्याला कळत नाहीं. बाप दिसला कीं थांबावें, एवढेंच कळतें. ज्या मुलांना वरचेवर मार बसतो तीं पुढें अधिक मारकुटीं होतात, असें अनेक देशांतल्या पाहणींत आढळलें आहे. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानें मास्तरांनीं मुलाला मारण्यावर बंदी घातली. शाळेंत मास्तरांचा हात कायद्यानें धरला. घरांत बापाचा हात बापानेंच धरावयाचा आहे.

तीन ते पांच वर्षांचें मूल प्रश्न विचारून भंडावून सोडतें. चंद्र आपल्याबरोबर कां चालतो? म्हैस काळी कां? "गप्प बस" हें त्याचें उत्तर नव्हे. येत असेल तें सांगा, येत नसेल तर "आपण पाहूं" म्हणा. या वयाच्या मुलाची अक्कल आपल्याहून कमी नसते, वेगळी असते. स्वित्झर्लंडांत ज्यां पियाजे (१८९६-१९८०) नांवाचे एक मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांची एक परीक्षा आज रात्रीं घरीं करून पहा. दोन सारख्या पेल्यांत सारखें पाणी घ्या, पोराला दाखवा, आणि त्यांतल्या एकांतलें पाणी उंच अरुंद भांड्यांत ओता. आतां पाणी कोठें जास्त आहे, असें विचारा. चार-पांच वर्षांचें पोर बहुधा उंच भांड्याकडे बोट दाखवील. तें मूर्ख नाहीं. सहा-सात वर्षांचें झालें कीं तेंच हंसून सांगेल कीं पाणी तेवढेंच आहे. म्हणून भावाचें ताक पसरट वाटींत आणि आपलें उंच पेल्यांत, यावरून जेव्हां घरांत रडारड होते, तेव्हां समजावीत बसण्यापेक्षां दोघांना सारखीं भांडीं द्यावीं हें शहाणपणाचें.

दुसरी गोष्ट खोटें बोलण्याची. १९८३ सालीं प्रसिद्ध झालेली एक परीक्षा आहे. मुलांना एक गोष्ट सांगितली. एका मुलानें आपला खाऊ एका कपाटांत ठेवला आणि तो बाहेर गेला. मागें आईनें तो दुसऱ्या कपाटांत हलविला. परत आल्यावर तो मुलगा खाऊ कोठें शोधील? तीन वर्षांचीं मुलें नव्या कपाटाचें नांव घेतात. जें मला ठाऊक आहे तें सर्वांना ठाऊक आहे, अशी त्यांची समजूत असते. दुसऱ्याच्या मनांत आपल्याहून निराळें असूं शकतें, हें चार-पांच वर्षांच्या सुमारास उमगतें. म्हणून तीन वर्षांचें मूल "माझ्याकडे वाघ आला होता" म्हणालें, किंवा तोंडाला गूळ फांसलेला असतांना "मीं नाहीं खाल्ला" म्हणालें, तर त्याला लबाड, चोर हीं नांवें ठेवूं नका. मुलाला जें नांव आपण रोज ठेवतों तें त्याच्या अंगाला चिकटतें. तसेंच अंथरूण ओलें करण्याचें. पांच वर्षांपर्यंत, आणि कांहीं मुलांचें त्यापुढेंहि, तें झोपेंत होतें. चारचौघांत लाज काढल्यानें थांबत नाहीं, उलट भीतीनें वाढूं शकतें.

कधीं कधीं खोडीच्या मागें रोग असतो. मूल माती खातें, भिंतीचे पोपडे चाटतें. आपण तोंडावर मारतों. पण माती खाणें हें पुष्कळदां रक्त कमी असल्याचें, अंगांत लोह कमी असल्याचें लक्षण असतें. असें मूल किरकिर करतें, लवकर दमतें, कशांत लक्ष घालीत नाहीं, आणि घरांत त्याला आळशी म्हणतात. २०१९-२१ च्या सरकारी पाहणींत सहा महिने ते पांच वर्षांच्या शंभर मुलांत सदुसष्ट मुलें रक्तानें कमी निघालीं. सदुसष्ट! म्हणजे या पारावर खेळणाऱ्या दर तीन पोरांत दोन. सहा महिने पुरे होतांच आईच्या दुधाबरोबर मऊ वरण, खिचडी, पालेभाजी, मिळेल तर अंडें सुरू करा. जंताचें औषध आणि लोहाचें औषध आंगणवाडींत मिळतें, तें चुकवूं नका. माराची मात्रा कमी करून अन्नाची वाढवा.

आतां मुख्य मुद्दा. आपल्या घरांत अजून एक वाक्य ऐकूं येतें: "आपल्या पोरांच्या नशिबीं विद्या कोठली? सटवाईनें कपाळीं लिहिलें तेंच होणार." आणि बाहेरचे लोक तेंच दुसऱ्या शब्दांत सांगत आले, कीं बुद्धि अमक्या कुळांत जन्मतःच असते आणि तमक्या कुळांत नसते. दोन्ही वाक्यें सारखींच खोटीं आहेत. जन्मतांना मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारें चौथाई असतो. तीन वर्षांपर्यंत तो शंभरांत ऐंशीच्या घरांत जातो. हें बांधकाम आईच्या पोटांत सुरू होतें, पण त्याचा मोठा भाग तुमच्या-माझ्या ओसरीवर होतो. सटवाई सहाव्या दिवशीं येते म्हणतात. पण खरें लिहिणें पहिल्या हजार दिवसांत चालतें, आणि लेखणी आपल्या हातांत असते.

याला पुरावा काय? जमैका नांवाच्या बेटावर किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ सालीं एक प्रयोग झाला. कुपोषणानें उंची खुंटलेलीं नऊ महिने ते दोन वर्षांचीं १२९ मुलें घेतलीं. त्यांतल्या कांहीं घरीं आरोग्यसेविका आठवड्यांतून एकदां तासभर जात असे. दोन वर्षें हा क्रम चालला. ती काय करी? मुलाशीं बोलावें कसें, खेळावें कसें, त्याची वाहवा कशी करावी, हें आईला करून दाखवी. खेळणीं घरच्या टाकाऊ वस्तूंचीं. पुढें वीस वर्षांनीं त्या मुलांना शोधून काढलें. ज्यांच्या घरीं खेळ व बोलणें पोंचलें होतें, त्यांची कमाई तशाच इतर खुरटलेल्या मुलांहून सुमारें २५ टक्क्यांनीं अधिक निघाली. धडधाकट वाढलेल्या मुलांच्या कमाईला ती जाऊन भिडली. हें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. मुलें तींच, वस्ती तीच, गरिबी तीच. फरक पडला तो बोलण्याचा आणि खेळण्याचा.

आपल्या मुलुखांतहि हें कोणी केलें नाहीं असें नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं खेड्यांतल्या गरीब मुलांसाठीं बालशिक्षणाचें काम सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळा मुलांच्या आंगणांत न्यावी, असें त्यांनीं केलें. शहरांतलीं महाग खेळणीं परवडत नव्हतीं, तर बिया, शंख-शिंपले, पानें, खडे यांवर मोजणें आणि रंग शिकविले. पुढें २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेली आंगणवाडी आज आपल्या गांवांत आहे. तिला नुसती खिचडीची जागा समजूं नका. मुलाला तेथें पाठवा आणि काय खेळविलें हें ताईंना विचारा.

भगिनींनो, मी हें सारें ओझें तुमच्या डोक्यावर ठेवावयाला आलों नाहीं. पहांटे उठून भाकरी, मग खुरपणी, मग सरपण, यांत तुम्हांला श्वास घ्यावयाला वेळ नाहीं, हें मला दिसतें. म्हणून मी दादांना सांगतों. मूल दोघांचें आहे. बाप पारावर बसतो त्यांतला अर्धा घटका मुलाजवळ बसला तर त्याची मिशी खालीं येत नाहीं. आणि मुलासाठीं वेगळा वेळ काढावाच लागतो असेंहि नाहीं. वैरण टाकतांना बैलाचा रंग सांगा. धान्य पाखडतांना मूठभर दाणे मोजावयाला द्या. सुतारानें लांकडाचे तुकडे द्यावे, शिंप्यानें रंगीत चिंध्या द्याव्या. दळतांना आजी जें गुणगुणे तें तिला पुन्हां गुणगुणूं द्या. त्यांत शब्द आहेत, ताल आहे आणि माया आहे. आणि हें सारें मुलीलाहि द्या. मुलगा "कां" विचारतो तेव्हां हुशार, आणि मुलगी विचारते तेव्हां आगाऊ, असा दुजाभाव ज्या घरांत आहे, त्या घरानें अर्धें शेत पडीक ठेवलें आहे.

आज घरीं जाल तेव्हां एवढेंच करा. मुलाच्या उंचीला येऊन बसा आणि तें काय करीत आहे तें थोडा वेळ नुसतें पहा. रागवावयाचें असेल तर त्याआधीं त्याचें वय मनांत आणा, आणि त्याला भूक, झोप, ताप किंवा भीति आहे काय तें पहा. ज्या डोळ्यांनीं आपण ढग पाहून पाऊस ओळखतों, त्याच डोळ्यांनीं पाहिलें तर मूल कळतें. त्याला मोठी विद्या लागत नाहीं.